प्रत आणि परत

कोणतीही महत्त्वाची गोष्ट दोनदां लिहून ठेवावी आणि दोन्ही कागद एकाच पेटींत घालावे, हा आमच्या घराण्याचा जुना शिरस्ता. आजोबांनीं १९३१ सालीं पुण्यास नारायण पेठेंत छापखाना काढला, त्याच वर्षीं ही पेटी घरांत आली. जाड पत्र्याची, हिरव्या रंगाची, दोन कुलुपांची. तींत भागीदारीचे करार असत, उधारीच्या वह्या असत, आणि मुद्रणाच्या धंद्यांत कारागिरांच्या तोंडीं असलेल्या शब्दांचा जो संग्रह आजोबांनीं वीस वर्षें खपून केला होता, त्याच्या दोन सुवाच्य हस्तलिखित प्रती असत. दुसरी प्रत कशाला, असें कोणी विचारलें तर आजोबा म्हणत, "पहिली गेली तर?" ह्या उत्तरानें विचारणाऱ्याचें समाधान होई, आमचेंही झालें असतें.

१२ जुलै १९६१ रोजीं सकाळीं पानशेतचें धरण फुटलें, मागोमाग खडकवासल्याचेंही फुटलें, आणि मुठेचें पाणी पेठांत शिरलें. आमच्या वाड्याचा खालचा मजला बुडाला. पेटी वाहून गेली आणि तिच्याबरोबर दोन्ही प्रती गेल्या. आम्ही त्या वेळीं चार वर्षांचे होतों. आमचे थोरले बंधु, ज्यांना घरांत लहानथोर सगळेच दादा म्हणत, ते चौदा वर्षांचे. आम्हांला त्या दिवसाचें एवढेंच आठवतें कीं, कोणीं तरी आम्हांला खांद्यावर घेतलें होतें आणि तो खांदा ओला होता. पुढें मोठे झाल्यावर एक गोष्ट कानांवर आली व मनांत रुतून बसली. ती पेटी नेहमीं माळ्यावर असे, आणि माळ्यापर्यंत पाणी चढलेंच नव्हतें. मग ती खालीं कशी आली? ह्या प्रश्नाचें उत्तर दादांना ठाऊक असावें, असें आम्हांला नेहमीं वाटे. त्यांनीं तें कधीं सांगितलें नाहीं, आणि आम्हीं कधीं विचारलें नाहीं.

वाचक म्हणतील, हें पुराण कशासाठीं? तर संगणकाच्या बॅकअपच्या सॉफ्टवेअरांत अलीकडे ज्या नव्या सोयी आल्या आहेत, त्यांविषयीं आम्हांला चार शब्द लिहावयाचे आहेत, आणि त्या सोयींचें मोल आम्हांला ज्या वाटेनें कळलें ती वाट ह्या पेटीवरूनच जाते.

छापखान्यांत आतां खिळे नाहींत. एका थंड खोलींत एक मोठा सर्व्हर आहे आणि त्याच्या पोटांत चार यंत्रें आहेत. हीं यंत्रें डोळ्यांना दिसत नाहींत. त्यांना व्हर्च्युअल मशीन म्हणतात. आमचा पुतण्या आतां छापखान्याचा कारभार पाहतो. त्यानें आम्हांला हें प्रथम सांगितलें, तेव्हां मायावादाचा हा कोणता नवा पंथ, असें आम्हांला वाटलें. शेवटीं त्यानें वाड्याचा दृष्टांत दिला व तो चटकन् पटला. वाडा एक, बिऱ्हाडें चार. प्रत्येक बिऱ्हाडाची चूल निराळी, कुलूप निराळें, भांडण निराळें. आणि ज्याला त्याला वाटतें कीं घर आपलेंच. कोणाला किती जागा व किती पाणी, हें मालक ठरवितो. ही युक्ति कांहीं कालची नव्हे. अमेरिकेंत केंब्रिज येथें आय. बी. एम. कंपनीच्या मंडळींनीं १९६० नंतरच्या दशकांतच ती अवाढव्य संगणकांवर करून दाखविली होती. १९९८ सालीं स्थापन झालेल्या व्हीएमवेअर कंपनीनें ती साध्या संगणकांवर आणली आणि मग इतरांनीं उचलली. आमच्या सर्व्हरवर मायक्रोसॉफ्टचा हायपर-व्ही हा मालक आहे, आणि बिऱ्हाडांचीं नांवें हिशेब, टपाल, मजकूर आणि चित्रें अशीं आहेत.

ह्या व्यवस्थेची खरी मौज अशी कीं, सबंध यंत्र म्हणजे शेवटीं कांहीं मोठ्या फाइली. त्यामुळें त्याची नक्कलही सबंध घेतां येते. जुन्या पद्धतीनें कागद तेवढे वांचत. यंत्र बिघडलें कीं नवें आणा, त्यावर एकेक कार्यक्रम चढवा, मग कागद लावा, असा आठवडाभराचा उद्योग. व्हर्च्युअल यंत्राचें बिऱ्हाड चुलीवरच्या दुधासकट उचलतां येतें. एका क्षणीं तें जसें असेल तसें धरावें, नक्कल करून घ्यावी, आणि आंतल्या माणसांना त्याचा पत्ताही लागूं देऊं नये. रोज सगळें उतरवून घेण्याचीही गरज नाहीं. कालपासून कोणते तुकडे बदलले ह्याचें टिपण मालकच ठेवतो (व्हीएमवेअरनें ही सोय २००९ सालीं दिली), आणि तेवढेच तुकडे नेले कीं झालें. आजोबांना दुसरी प्रत लिहावयाला दोन वर्षें लागलीं होतीं. आमच्या चार यंत्रांची नक्कल रोज रात्रीं वीस-पंचवीस मिनिटांत होत असे, आणि आम्ही निश्चिंत झोंपत असूं.

दादा सत्त्याहत्तराव्या वर्षीं आठवणी सांगावयास बसले. हात कांपत असे, म्हणून पुतण्यानें त्यांना बोललेलें टंकित करणारी व्यवस्था लावून दिली. सकाळीं देवपूजा आटोपली कीं ते खोलीचें दार लोटून घेत आणि तासभर त्या यंत्रापुढें बोलत. शब्द उमटत, आवाज कोठें सांठविला जात नसे. ती फाइल 'मजकूर' ह्या यंत्रावर असे. मार्गशीर्षांत आरंभ झाला, आषाढापर्यंत चाललें. जेवतांना ते मधूनमधून विचारीत, "वाचलेंस कां रे?" आणि आम्ही म्हणत असूं, "दिवाळी अंकांचें काम एकदां हातावेगळें होऊं द्या, मग निवांत वाचतों." छापखान्याला दिवाळी अंक म्हणजे सुगी, हें खरें; परंतु हें निमित्त आम्ही फाल्गुनांतही सांगत होतों, ह्यावरून आमचा उत्साह किती होता तें दिसतेंच. श्रावणांत दादा गेले.

आश्विनांत, सात दिवाळी अंकांचीं पानें यंत्रावर असतां, एका सोमवारीं सकाळीं चारही यंत्रें मुकीं झालीं. प्रत्येक फाइलीचें नांव बदललेलें. उघडूं गेलें तर अर्थहीन चिन्हांचा चिखल. आणि एक इंग्रजी चिठ्ठी, कीं अमुक इतके पैसे द्या म्हणजे किल्ली देऊं. पुतण्या प्रथम घाबरला नाहीं. "काका, बॅकअप आहे," असें म्हणून तो आंत गेला, आणि बाहेर आला तेव्हां त्याच्या चेहऱ्याकडे आम्हांला पाहवेना. चोरांनीं आधीं तेथेंच हात मारला होता. सगळ्या नकला पुसून टाकल्या होत्या. बॅकअपच्या यंत्राचा पासवर्ड आणि सर्व्हरचा पासवर्ड एकच होता, आणि तो आम्हीं ठरविलेला होता: कुलदेवतेचें नांव व नातवाचें जन्मवर्ष. पुतण्यानें तो बदलण्याविषयीं दोनदां सुचविलें होतें. दोन्ही वेळां आम्हीं त्याला म्हटलें होतें कीं, ह्या वयांत आम्हांला नवे पासवर्ड पाठ होत नाहींत. पुराच्या दिवशीं पेटी माळ्यावरून खालीं कोणीं आणली, हें आम्हांला ठाऊक नव्हतें; ही पेटी आम्हीं आणली.

खंडणी दिली नाहीं. हिशेब लेखापरीक्षकांकडच्या मार्चअखेरच्या प्रतीवरून आणि कागदी बिलांवरून उभे केले. दिवाळी अंकांचा मजकूर संपादकांकडे होता. त्यांनीं तो पुन्हां धाडला, पांच अंक वेळेवर निघाले, दोन तुळशीच्या लग्नानंतर. दादांच्या आठवणी दुसऱ्या कोणापाशीं नव्हत्या, असें आम्ही धरून चाललों होतों. पंधरा दिवसांनीं सूनबाई, म्हणजे पुतण्याची बायको, आमच्यापुढें येऊन उभी राहिली. गुढीपाडव्याच्या दिवशीं सकाळीं ती माहेरीं नाशिकला निघाली होती, तेव्हां आपल्या वडिलांना वाचावयाला म्हणून त्या फाइलीची नक्कल तिनें पेन ड्राइव्हवर नेली होती. कोणाला न विचारतां नेली, म्हणून सांगावयाला भीत होती! पाडव्यापर्यंतच्या आठवणी अशा रीतीनें हातीं लागल्या. त्यानंतरच्या आषाढापर्यंतच्या लागल्या नाहींत. जीं पानें मिळालीं तीं वाचण्याचें धैर्यही आम्हांला लगेच झालें नाहीं.

आपल्यासारखें नशीब जगांत आणखी कोणाचें आहे, हें शोधण्याची दुःखितांना खोडच असते. आम्हांला सोबत बरी मिळाली. गिटलॅब ही कंपनी जगभरच्या संगणक-कारागिरांचें काम सांभाळते. ३१ जानेवारी २०१७ च्या रात्रीं तिच्या एका तंत्रज्ञानें भलत्याच सर्व्हरवर पुसण्याची आज्ञा दिली. चूक ध्यानांत येऊन ती थांबवीपर्यंत सुमारें ३०० गीगाबाइट माहितीपैकीं साडेचार गीगाबाइट उरली होती. त्यांच्यापाशीं बॅकअपचे आणि नकलेचे पांच उपाय होते. प्रसंगीं पांचांतला एकही धड निघाला नाहीं. नियमित नक्कल घेणाऱ्या कार्यक्रमाची आवृत्ति आणि मूळ माहितीच्या यंत्राची आवृत्ति ह्यांचा मेळ नसल्यामुळें तो मुकाट्यानें अपेशी होत होता, आणि अपेशाची खबर देणारीं पत्रें टपालाच्याच नियमांत अडकून कोणाला पोंचत नव्हतीं. शेवटीं, एका तंत्रज्ञानें दुसऱ्याच कामासाठीं सहा तासांपूर्वीं हातानें घेतलेली एक नक्कल उपयोगी पडली. सूनबाईची पेन ड्राइव्ह त्याच जातीची. ही सगळी हकीकत त्या कंपनीनें लपविली नाहीं, दुरुस्ती चालू असतांनाच लोकांना पाहूं दिली, ह्याबद्दल आम्हांला तिचा आदर वाटतो. १० मार्च २०२१ रोजीं फ्रान्समध्यें स्ट्रासबूर येथें ओव्हीएच कंपनीची सर्व्हरांची इमारत जळाली, तेव्हां ज्या ग्राहकांची मूळ माहिती आणि नक्कल तेथेंच होती, त्यांचें दोन्ही गेलें. हें वाचतांना आमच्या डोळ्यांपुढें हिरवी पेटी उभी राहिली. आणि दिल्लीच्या एम्स रुग्णालयावर नोव्हेंबर २०२२ मध्यें आमच्यासारखाच हल्ला झाला, तेव्हां एवढ्या मोठ्या संस्थेंत कित्येक दिवस रुग्णांच्या नोंदी हातानें लिहाव्या लागल्या.

पौषांत पुतण्यानें व्हीम ह्या नांवाचें सॉफ्टवेअर आणलें. त्याच्या जाहिरातींत सोयींची यादी हातभर लांब आहे आणि तींतल्या बहुतेक आमच्यासारख्यांच्या कामाच्या नाहींत. परंतु कांहींनीं आमची झोंप परत आणली. पैकीं दोन तशा जुन्याच, २०१० सालच्या. आम्हांला मात्र त्या नव्या. पहिली अशी कीं, मूळ यंत्र मेलें तर नक्कल आधीं सबंध उतरवून घेत बसावें लागत नाहीं. दाबून ठेवलेल्या नकलेवरूनच यंत्र तसेंच्या तसें चालूं करतां येतें, कांहीं मिनिटांत कचेरी उघडते, आणि मग सावकाश सामान जागेवर लावावें. दुसरी आम्हांला पहिलीहूनही मोलाची वाटते. हें सॉफ्टवेअर रात्रीं नकलेवरून यंत्र खरोखर उभें करून पाहतें, तेंही बाहेरच्या जगाशीं संबंध नसलेल्या एका बंद खोलींत; त्याची नाडी लागते कीं नाहीं तें पाहतें, हांक मारतें, ओ आली तर नेमलेला कार्यक्रम चालतो काय हें तपासतें, आणि मग तें यंत्र पुन्हां मोडून टाकतें. सकाळीं निकाल टेबलावर. शिष्याकडून संथा म्हणवून घेतल्यावांचून ती पाठ झाली असें आमच्याकडचा कोणताही गुरु मानीत नसे. संहिता आली तर पद म्हण, पद आलें तर क्रम म्हण, असा त्याचा खाक्या. हजारों वर्षें जो नियम मुखपाठाला लावला तो छापखान्याच्या पेटीला लावावा, हें आमच्या घरांत कोणालाच सुचलें नाहीं, ही मोठी नवलाची गोष्ट आहे. दोन प्रती आहेत, एवढ्यावर आमचें समाधान.

खरा वाद झाला तो २०२१ सालीं, अकराव्या आवृत्तींत आलेल्या सोयीवरून. नक्कल एकदां कोठींत पडली कीं ठरलेली मुदत संपेपर्यंत ती बदलतां येत नाहीं व पुसतांही येत नाहीं. मुदत निदान सात दिवसांची, आम्हीं तीस ठेवली. ही कोठी निराळ्या लिनक्स यंत्रावर असते, आणि तिच्या उभारणीच्या वेळीं जो परवाना लागतो तो त्या वेळेपुरताच वापरून टाकून देतात, मुख्य सर्व्हरांत जपून ठेवीत नाहींत. चोर मुख्य सर्व्हरावर बसला तरी त्याच्या हातीं कोठीची किल्ली लागूं नये, ही त्यांतली मेख. (कोणी खोलींत शिरून हातोडाच घातला, तर गोष्ट वेगळी.) हें ऐकून आम्हीं आवाज चढविला. आमचीच वस्तु, आमचेंच यंत्र, आणि आम्हांलाच तीस दिवस पुसतां येऊं नये? पुतण्या गप्प राहिला. वहिनी झोंपाळ्यावर वाती वळीत होत्या, मान वर न करतां त्या म्हणाल्या, "भाऊजी, चोरांच्या हातांत मालकाचाच पासवर्ड होता ना?" ह्यावर बोलण्यासारखें कांहीं उरलें नाहीं.

डिसेंबर २०२३ च्या आवृत्तीनें दोन गोष्टींची भर घातली. एक, नक्कल घेतांघेतांच मजकूर पारखून पाहणें. कोणत्याही भाषेंत तींच तीं अक्षरें पुन्हां पुन्हां येतात, चित्रांतही कांहीं एक ठेवण असते; खंडणीखोरांनीं कुलूप घातलेल्या फाइलींत मात्र सगळी खिचडी, कशाचा कशाला मेळ नाहीं. ही खिचडी एकाएकीं वाढली कीं सॉफ्टवेअर धोक्याची सूचना देतें. ह्या सोयीला आम्ही शंभर गुण देणार नाहीं. एका संस्थेच्या प्रश्नपत्रिका कुलूपबंद फाइलींत छपाईला आल्या, तेव्हां हिनें सबंध कचेरी उगाच जागी केली. दुसरी सोय चार डोळ्यांची. बॅकअप पुसण्यासारखें घातक काम करावयाचें असेल तर एका कारभाऱ्यानें अर्ज करावा आणि दुसऱ्यानें तो मान्य करावा. एकट्याचें चालत नाहीं. दुसरे दोन डोळे कोणाचे? पुतण्याचें आमच्यापुढें कांहीं चालत नाहीं, हें सर्वांना माहीत. तेव्हां सूनबाईनें वहिनींचें नांव सुचविलें. "पूर्वीं दाण्याच्या कोठीची एक किल्ली सासूबाईंपाशीं असे आणि एक माझ्यापाशीं," असें म्हणून त्यांनीं तें काम पत्करलें. माघांत जागा पुरेना म्हणून, मुदत संपलेल्या कांहीं नकला पुसाव्या असा आम्हीं अर्ज केला. वहिनी कचेरींत आल्या, चष्मा लावला, आणि "कोणत्या दिवसाची? त्यांत काय काय आहे?" असें एकेक विचारीत बसल्या. तीन दिवस अर्ज तसाच राहिला. चौथ्या दिवशीं पुतण्यानें नवी डिस्क विकत आणली.

एवढें करून निर्धास्त व्हावें, असेंही नाहीं. २०२४ सालीं ह्याच सॉफ्टवेअरांत एक मोठा दोष आढळला. दुरुस्ती प्रसिद्ध झाल्यावरही ज्यांनीं ती लावली नाहीं, त्यांच्या घरांत खंडणीखोर त्याच दारानें शिरले. पहारेकऱ्यावर पहारा कोणाचा, हा प्रश्न राज्यकारभाराइतकाच येथेंही शिल्लक आहे. आमचा पुतण्या आतां दर मंगळवारीं दुरुस्त्या पाहतो. तीन प्रती असाव्या, त्या दोन जातींच्या साधनांवर असाव्या, एक परगांवीं असावी, हा ह्या धंद्यांतला जुना नियम. त्याला आतां दोन आंकडे नवे जोडले आहेत, एक प्रत कोणाच्या हातीं न लागणारी आणि तपासणींत चुका शून्य. परगांवची आमची प्रत महिन्यांतून एकदां नाशिकला जाते, सूनबाईच्या माहेरीं. आतां ती विचारून नेते. आम्हीं तशी गरज नाहीं असें सांगितलें आहे.

पाडव्यापर्यंतची दादांची फाइल नव्या 'मजकूर' यंत्रावर ठेवली होती. बंद खोलींतली पहिली परीक्षा झाली त्या रात्रीं आम्ही सगळे कचेरींत होतों. वहिनी म्हणाल्या, "ह्यांची फाइल त्या नकलेंतून उघडते कां, तें मला दाखवा." पुतण्यानें यंत्र मोडूं न देतां तसेंच उभें ठेवलें व फाइल उघडली. एकशें बारा पानें. ती खरोखर उघडलेली पाहून वहिनींनीं शेवटचें पान काढावयास सांगितलें, आणि आम्ही दोघांनीं तें बरोबरच वाचलें. पुराचीच सकाळ होती. रस्त्यांत लोक धांवत आहेत, वडील आजोबांना हाताला धरून जिना उतरवीत आहेत, आम्ही कोणाच्या तरी खांद्यावर आहों. मग शेवटची ओळ: 'आठ वाजून गेले असतील. मीं माळ्यावर चढलों आणि पेटी खालीं आणून ठेवली, कारण'. पुढें कांहीं नाहीं. गुढी उभारावयाची म्हणून त्यांना आंतून हांक आली असावी, आणि सूनबाईनें नक्कल घेतली ती त्याच वेळीं.

वहिनींनीं चष्मा काढला. "कारण काय, तें मला त्यांनीं कधीं सांगितलें नाहीं, भाऊजी," त्या म्हणाल्या. "मला वाटलें, तुम्ही वाचीत असाल."

पुतण्यानें यंत्र बंद केलें. थोड्या वेळानें निकालाचा कागद आला. चारही यंत्रें उभीं राहिलीं होतीं, चुका शून्य.